तिसऱ्या वर्गाची गादी

रेल्वेचा तिसरा वर्ग ज्यांनी अनुभवला आहे, त्यांची पिढी आता साठीच्या पुढे गेली. लाकडी फळ्यांचे बाक, दोन फळ्यांमध्ये बोटभर फट आणि त्या फटींचे रात्रभरात पाठीवर उमटलेले वळ. प्रवासाला निघताना आमची आई वळकटीत एक जुनी सतरंजी वेगळी बांधून घेई. ती अंथरण्यासाठी नसे. चौपदरी घडी करून बाकावर ठेवायची आणि लहान मुलांनी आळीपाळीने तिच्यावर बसायचे, असा शिरस्ता होता. वडील तिच्यावर कधी बसले नाहीत. गाडी म्हटली की टोचणारच, अशी त्यांची समजूत होती. तिकीट तिसऱ्या वर्गाचे काढले म्हणजे टोचणेही त्या तिकिटातच आले, त्याबद्दल तक्रार कसली करायची?

१९७४ मध्ये आपल्याकडे तिसऱ्या वर्गाचे नाव गेले. त्याला दुसरा वर्ग म्हणू लागले, फळ्या मात्र त्याच राहिल्या. १९७७ साली प्रा. मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले आणि त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या झोपण्याच्या फळ्यांवर दोन इंच फोम घालायचे ठरवले. दंडवत्यांचे नाव निघाले की लोक कोकण रेल्वेविषयी बोलतात, ते योग्यच आहे. पण त्या दोन इंचांवर मी पहिल्यांदा रात्र काढली ती मला अजून आठवते. पहाटे जाग आली तेव्हा पाठ दुखत नव्हती, आणि आपले काहीतरी चुकले आहे की काय असे उगीच वाटले होते.

पुढे बऱ्याच वर्षांनी इंग्लंडच्या रेल्वेचा इतिहास वाचत असताना एक नाव समोर आले : जेम्स ऑलपोर्ट. दंडवत्यांच्या आधी शंभर वर्षे हाच उद्योग त्याने इंग्लंडात केला होता. तो मंत्री नव्हता, समाजवादी तर मुळीच नव्हता. एका खाजगी कंपनीचा तो जनरल मॅनेजर होता आणि नफा-तोट्याचा हिशेब त्याला इतरांपेक्षा जरा जास्तच कळत होता. रेल्वे म्हटली की आपल्याला स्टीफन्सन ठाऊक असतो, शाळेच्या पुस्तकातून तो आपल्याला भेटलेला असतो. ऑलपोर्टला त्याच्या काळी इंग्लंडात मोठा मान होता, सरदारकीचा किताबही मिळाला. आपल्याकडे मात्र त्याची ओळख कुणी करून दिली नाही.

त्याने काय केले हे समजायचे तर त्याच्या आधीची गाडी कशी होती ते पाहायला हवे.

इंग्लंडात आगगाड्या सुरू झाल्या तेव्हा पहिल्या वर्गाचा डबा म्हणजे घोड्याच्या बग्गीचीच नक्कल होती. तीन बग्ग्यांच्या पेट्या एका चौकटीवर शेजारी शेजारी ठोकल्यासारखा तो दिसे. आत कापडाने मढवलेली गुबगुबीत आसने, डोके टेकायला उशीसारखी बाजू, काचेची खिडकी. दुसऱ्या वर्गाला छप्पर असे, पण बाक बहुधा उघडा. तिसरा वर्ग म्हणजे चक्क वाघीण. कित्येक गाड्यांत तिला छप्पर नव्हते, काहींत बसायला बाकही नव्हते. पावसाचे पाणी साचू नये म्हणून तळाच्या फळ्यांना भोके पाडलेली असत. वरून पाऊस, समोरून इंजिनाच्या ठिणग्या आणि खालून वारा अशी तिहेरी सोय.

१८४१ च्या नाताळच्या आदल्या दिवशी लंडनहून पश्चिमेकडे जाणारी एक मालगाडी सॉनिंग येथल्या खोदलेल्या घळीत कोसळलेल्या दरडीवर आदळली. इंजिन आणि मालाच्या वाघिणी यांच्या मधोमध तिसऱ्या वर्गाच्या उघड्या वाघिणी जोडल्या होत्या. त्यांत लंडनला पार्लमेंटची नवी इमारत बांधणारे कारागीर होते. सणासाठी घरी निघाले होते. मागच्या वाघिणींच्या रेट्याने ते बाहेर फेकले गेले. आठ जण जागच्या जागी मेले. देशाचे कायदेमंडळ ज्या इमारतीत बसणार होते ती बांधणारी ही माणसे होती, त्यामुळे गवगवा झाला. १८४४ मध्ये ग्लॅडस्टन व्यापार खात्याचा प्रमुख असताना कायदा झाला : प्रत्येक नव्या मार्गावर दिवसातून निदान एक गाडी अशी हवी की जिच्यात गरिबाला छपराखाली बसता येईल, भाडे मैलाला एक पेनी, वेग तासाला निदान बारा मैल. तीन वर्षांखालच्या मुलाला फुकट, तीन ते बारापर्यंत निम्मे भाडे. आपल्या ‘हाफ तिकिटा’चा उगम शोधत गेलात तर तो असा या कायद्यापाशी पोचतो.

कंपन्यांनी कायदा पाळला, पण अक्षराला धरून. ती एक गाडी भल्या पहाटे नाहीतर रात्री सोडायची, प्रत्येक स्टेशनावर थांबवायची, आणि मागून जलद गाडी आली की हिला सायडिंगला घालून ठेवायची. डब्याला छप्पर दिले, पण खिडकी म्हणजे एखादे लहानसे भोक. दिवसभराच्या मजुरीवर पोट असलेल्या माणसाचा अख्खा दिवस त्या गाडीत जाई.

यात केवळ कंजूषपणा होता असे समजू नये. फ्रान्समध्ये ज्यूल द्युपुई नावाचा इंजिनिअर होऊन गेला, अर्थशास्त्रातही त्याचे नाव आहे. त्याने १८४९ मध्येच यातले इंगित उघड केले होते. तिसऱ्या वर्गाला छप्पर किंवा गादी घालायला फारसा खर्च येत नाही, हे कंपन्यांना चांगले ठाऊक असते. पण तिसरा वर्ग सुखाचा झाला तर दुसऱ्या वर्गाचे भाडे परवडणारा माणूसही तिसऱ्यात बसेल, ही भीती. म्हणजे वरच्याने वरचे तिकीट काढावे म्हणून खालच्याला टोचायचे. गरिबाचा राग कंपनीला नव्हताच; त्याची पाठ नुसती मध्ये आली होती. हे वाचल्यावर मला वडिलांची आठवण झाली. टोचणे तिकिटात धरलेले असते, हे त्यांनी काहीही न वाचता ओळखले होते!

जेम्स जोसेफ ऑलपोर्ट जन्मला १८११ साली, बर्मिंगहॅममध्ये. बाप बंदुकांच्या धंद्यातला. मुलगा शिकायला बेल्जियमपर्यंत जाऊन आला आणि १८३९ मध्ये बर्मिंगहॅम ते डर्बी अशा एका छोट्या रेल्वे कंपनीत मुख्य कारकून म्हणून चिकटला. थोड्याच दिवसांत वाहतुकीचा सगळा कारभार त्याच्याकडे आला. शेजारच्या कंपनीशी तेव्हा भाडे उतरवण्याची जीवघेणी स्पर्धा चालू होती. दोन्ही कंपन्या त्यात जवळजवळ बुडाल्या. पण भाडे उतरले की कुठून कुठून माणसे स्टेशनावर येऊन उभी राहतात, हे या तरुण कारकुनाने तिथे पाहिले असणार. १८४४ मध्ये त्या भागातल्या तीन कंपन्या एक होऊन मिडलंड रेल्वे जन्मली. एकत्रीकरणात असते तसे झाले : तीन घरांतली माणसे आणि खुर्ची एक. ऑलपोर्टची नोकरी गेली. पण ज्याने हे एकत्रीकरण घडवले तो जॉर्ज हडसन, ‘रेल्वेचा राजा’ म्हणून गाजलेला आणि पुढे हिशेबातल्या लबाड्यांनी बुडालेला, त्याला माणसाची पारख होती. त्याने ऑलपोर्टला उत्तरेकडच्या आपल्या दुसऱ्या कंपनीचा मॅनेजर केला. हडसन बुडाला, ऑलपोर्ट तरला. १८५३ मध्ये मिडलंडनेच त्याला सन्मानाने जनरल मॅनेजर म्हणून बोलावून घेतले. मध्ये तीनेक वर्षे जहाजबांधणीच्या धंद्यात जाऊन आला ती सोडली, तर १८८० पर्यंत तो त्याच खुर्चीवर होता.

मिडलंड ही तेव्हा नावाप्रमाणेच मधल्या प्रदेशातली कंपनी. डर्बी, नॉटिंगहॅम, लेस्टर. कोळसा, बिअर, मोजे. लंडनला जायचे तर दुसऱ्यांच्या रुळांवरून, त्यांच्या मर्जीने. ऑलपोर्टने लंडनपर्यंत स्वतःचा मार्ग नेला आणि १८६८ मध्ये सेंट पँक्रस स्थानक उघडले. २४० फूट रुंदीचे, मध्ये एकही खांब नसलेले ते लोखंडी छप्पर त्या वेळी जगातले सर्वांत मोठे होते. फलाटाखालचे तळघर बर्टनच्या बिअरच्या पिंपांसाठी होते आणि त्याचे खांब पिंपांच्या मापाने रोवले होते. पुढच्या बाजूचे लाल विटांचे हॉटेल सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटचे. मुंबईकरांना हा माणूस परका नाही. राजाबाई टॉवरचे आराखडे त्याचेच. मुंबईला मात्र तो कधी आलाच नाही. काही वर्षांपूर्वी मी सेंट पँक्रसच्या दारात उभा होतो तेव्हा बोरीबंदर डोळ्यांपुढे आले नसते तरच नवल.

आता १८७२. मिडलंडने जाहीर केले की १ एप्रिलपासून आमच्या प्रत्येक गाडीला, अगदी जलद गाडीलासुद्धा, तिसऱ्या वर्गाचे डबे असतील, भाडे मैलाला पेनीच. तारखेमुळे कुणाला थट्टा वाटली असेल तर त्याला दोष देता येणार नाही. इतर कंपन्यांना ही गद्दारी वाटली. शिवाय यात एक आर्थिक मेख होती. पेनीच्या सावकाश गाडीला सरकारी प्रवासी कर माफ होता, जलद गाडीला नव्हता. म्हणजे गरिबाला जलद गाडीत बसवायचे तर वर कराचा भुर्दंडही आपणच सोसायचा. ऑलपोर्टने तो हिशेबात धरला होता. त्याचा अंदाज असा की पैसेवाले मूठभर आहेत आणि त्यांनी कितीही दिले तरी त्यांची संख्या वाढायची नाही. वाढणार आहे तो पेनीवाला. प्रतिस्पर्ध्यांना नाइलाजाने मागोमाग यावे लागले, कारण त्यांचे प्रवासी मिडलंडच्या स्टेशनाकडे चालू लागले होते.

त्याच वर्षी तो अमेरिकेला गेला. साठी उलटलेली. हजारो मैल तो जॉर्ज पुलमनच्या डब्यांतून हिंडला आणि चकित झाला. इंग्लंडातला डबा म्हणजे एकेक बंद खोली. बाहेरून दार, आतून दुसऱ्या खोलीत जायला वाट नाही, शौचालय नाही. संध्याकाळ झाली की हमाल टपावर चढून वरच्या भोकातून तेलाचा दिवा आत सोडत. थंडीत पायाशी गरम पाण्याचा पत्र्याचा डबा ठेवायचा, तोही बहुधा पहिल्या वर्गालाच, आणि तासाभरात थंड होणारा. पुलमनचा डबा म्हणजे लांबच लांब दिवाणखाना. मधून वाट, मखमली खुर्च्या, गरम पाण्याच्या नळ्यांची ऊब, हात धुवायला जागा, रात्री झोपायला बिछाने. ऑलपोर्टने पुलमनला इंग्लंडात आणले. डब्यांचे सुटे भाग अमेरिकेहून जहाजाने आले, डर्बीच्या कारखान्यात जुळवले गेले, आणि १८७४ च्या जूनमध्ये ब्रॅडफर्ड ते लंडन अशी पुलमन गाडी सुरू झाली.

आणि लोकांना ती फारशी आवडली नाही! अवघ्या दहा वर्षांपूर्वी, १८६४ मध्ये, लंडनमध्ये अशाच एका बंद खोलीत एका वृद्ध बँक अधिकाऱ्याचा खून होऊन देशभर घबराट उडाली होती. तरी इंग्रज माणसाला आपली बंद खोलीच प्यारी. अनोळखी तीस माणसांसमोर तासन् तास बसायचे, या कल्पनेनेच तो अवघडला. मला यात ऑलपोर्टचा मोठेपणा दिसतो तो असा की त्याने डबा सोडला, पण त्यातले खरे मर्म उचलले. पुलमनचा डबा झुलत नसे, कारण तो दोन टोकांना दोन फिरत्या चाकगाड्यांवर ठेवलेला असे. तिलाच ‘बोगी’ म्हणतात. आपण अख्ख्या डब्यालाच बोगी म्हणून मोकळे झालो. मिडलंडचा डबे-अधिकारी क्लेटन याने तशा चाकगाड्यांवर इंग्रजी पद्धतीच्या खोल्यांचे लांब डबे बांधले. गादी मऊ असून भागत नाही, खालची चाकेही मऊ चालावी लागतात.

खरा बॉम्ब १ जानेवारी १८७५ रोजी पडला. मिडलंडने दुसरा वर्गच रद्द केला. पहिल्या वर्गाचे भाडे उतरवून जुन्या दुसऱ्याच्या पातळीवर, मैलाला दीड पेनी, आणले. दुसऱ्या वर्गाच्या डब्यांवर तिसऱ्याचा आकडा रंगवला आणि तिसऱ्याचे जुने उघड्या बाकांचे डबे मोडीत काढले. म्हणजे पेनीचे तिकीट काढणारा मजूर एका सकाळी गादीवर बसला. पाठीला टेकायला भरलेली पाठ, डोक्यापर्यंत पोचणारी मधली भिंत.

काय गहजब झाला म्हणता! तोवर व्यवस्था कशी होती? मालक पहिल्या वर्गात, त्याचे नोकर दुसऱ्यात, आणि उरलेले जग तिसऱ्यात. आता नोकर कुठे बसणार? दुकानदार, कारकून, शिक्षिका यांनी गवंड्याच्या मांडीला मांडी लावून बसायचे काय? वर्तमानपत्रांत पत्रांचा पाऊस पडला. भागधारक धास्तावले, कारण दीड पेनीचा ग्राहक पेनीवर उतरणार हे शेंबडे पोरही सांगू शकत होते. द्युपुईने जी भीती सांगितली होती ती हीच. इतर कंपन्यांनी मिडलंडला परोपरीने विनवले. ऑलपोर्ट हलला नाही. त्याचा हिशेब सरळ होता : तीन वर्गांचे डबे प्रत्येक गाडीला जोडायचे म्हणजे अर्ध्या रिकाम्या खुर्च्या देशभर ओढत न्यायच्या. त्या लाकडालोखंडाचे वजन ओढायला कोळसा लागतो, तो वाचला तर गादीचा खर्च निघतो.

मग हे सगळे दयेने केले की धंद्यासाठी? मी पुष्कळ विचार केला आणि मला वाटते हा प्रश्न त्याला स्वतःला पडलाच नसावा. म्हातारपणी त्याने सांगितल्याची नोंद आहे की आयुष्यात जे काही केले त्यात तिसऱ्या वर्गाला दिलेल्या या सोयीचे समाधान सर्वांत मोठे. श्रीमंताजवळ वेळच वेळ असतो आणि त्याला जलद गाडी मिळते. गरिबाचा वेळ हीच त्याची भाकरी आणि त्याला सायडिंगला घालतात, हे पाहून त्याला चीड येई. ही चीड खरी असावी. कारण धंद्यासाठी १८७२ चा निर्णय पुरेसा होता, १८७५ चा घेण्याची सक्ती कुणी केली नव्हती.

पण त्याला देवही करू नये. त्याच वर्षांत मिडलंड स्कॉटलंडकडे जाणारा सेटल ते कार्लाइल हा ७२ मैलांचा मार्ग बांधत होती. त्याचे कारणही प्रवाशांचे हालच होते. इंगलटन गावी मिडलंडची हद्द संपे, तिथे दोन कंपन्यांची दोन स्टेशने. सामानसुमान घेऊन एकातून दुसऱ्यात पायी जायचे आणि पोचेपर्यंत पुढची गाडी गेलेली असायची. खर्चाचा आकडा पाहून मिडलंडने मध्येच माघार घ्यायचे ठरवले, पार्लमेंटने ती नाकारली. ऑलपोर्ट आणि इंजिनिअर क्रॉसली यांनी त्या ओसाड डोंगरांतून पायी हिंडून मार्गाची पाहणी केली. रिबलहेडचा चोवीस कमानींचा पूल हे अजूनही पाहण्यासारखे काम आहे. मात्र तिथल्या झोपड्यांत राहणाऱ्या मजुरांत आणि त्यांच्या बायकापोरांत देवीची साथ आली, अपघात झाले. शेजारच्या चॅपल-ल-डेल या खेड्याच्या चर्चच्या आवारात दोनशेच्या आसपास माणसे पुरली आहेत. चर्चमध्ये त्यांच्या नावाचा संगमरवरी फलक आहे, त्याचा खर्च सहकारी मजूर आणि कंपनी यांनी मिळून केला. १८७६ च्या १ मे रोजी क्लेटनचे गुळगुळीत चालणारे डबे त्या मार्गावरून धावू लागले. त्यांतल्या गादीवर बसलेल्यांपैकी कुणी खिडकीतून त्या चर्चच्या दिशेने पाहिले असेल का, कोण जाणे.

१८८० मध्ये तो निवृत्त झाला. ज्या भागधारकांनी कधीकाळी डोक्याला हात लावला होता, त्यांनीच त्याला दहा हजार पौंडांची थैली दिली, म्हणजे हिशेब जुळला होता. १८८३ मध्ये पार्लमेंटने पेनीच्या भाड्यावरचा करही काढून टाकला. १८८४ मध्ये तो सर जेम्स झाला. इतर कंपन्यांनी तिसऱ्या वर्गाला आधी नाक मुरडत पातळ गाद्या दिल्या, मग हळूहळू एकेकीने दुसरा वर्ग बंद केला. त्यातून एक गंमत उरली. इंग्लंडात कित्येक वर्षे बहुतेक गाड्यांत पहिला वर्ग होता आणि तिसरा होता, दुसरा नव्हताच! १९५६ मध्ये कागदोपत्री तिसऱ्याचा दुसरा केला, १९८७ मध्ये दुसऱ्याचा ‘स्टँडर्ड’ झाला. नावे बदलायची हौस सगळ्याच रेल्वेंना असते.

१८९२ च्या एप्रिलमध्ये ऑलपोर्ट लंडनला आला असताना आजारी पडला आणि सेंट पँक्रसच्या त्या लाल हॉटेलातच, एक्क्याऐंशीव्या वर्षी, वारला. डर्बीच्या उत्तरेला बेल्पर नावाचे गाव आहे, तिथल्या दफनभूमीत त्याला पुरले.

मी सेंट पँक्रसहून शेफील्डला निघालो तेव्हा हे सगळे डोक्यात होते. तिकीट अर्थात स्टँडर्डचे. शेजारी डोक्याला रंग लागलेला एक रंगारी बसला होता, समोर टाय लावलेला एक गृहस्थ, दोघांच्याही खाली एकाच कापडाची आसने. डर्बी गेले आणि थोड्या वेळाने दोन्ही बाजूंना दगडी भिंती उभ्या राहिल्या, वरून एकामागून एक पूल जाऊ लागले. बेल्पर आले होते. मी खिडकीला नाक लावले, पण भिंतींपलीकडचे काही दिसेना. रंगारी खाली सरकून शांत झोपला होता. आमची गाडी बेल्परला थांबत नव्हती.